द्वेषाचा प्रमाण नमुना

पडद्यावरचा आकडा नव्याण्णववर जाऊन थांबला आणि इरावतीने तो पुन्हा वाचला.

काचेपलीकडे द्वेषमापकाच्या खुर्चीत मंजिरी बसली होती. डोक्यावर संवेदकांची टोपी, समोर कुणालचा फोटो. नागपूरच्या मेंदूविज्ञान संस्थेत डॉ. इरावती देवस्थळींनी हे यंत्र बांधलं, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. समोरच्या माणसाकडे पाहताना मेंदूत उमटणारा आलेख यंत्र टिपायचं आणि द्वेषाच्या प्रमाण नमुन्याशी ताडून पाहायचं. जुळणी साठच्या वर गेली की कायद्याच्या लेखी तो द्वेष. असा द्वेष मनात ठेवून कोणीही कोणावर हात टाकला, तर जामीन नाही आणि शिक्षा दुप्पट. न्यायालयात वर्षानुवर्षं चालणारा 'हेतू काय होता' हा वाद कायमचा मिटला, म्हणून या कायद्याचं केवढं कौतुक झालं होतं. त्यासाठी मोर्चे काढणाऱ्या तृतीयपंथीयांमध्ये मंजिरी सगळ्यात पुढे होती.

आणि आता त्याच कायद्याखाली ती आरोपी होती.

मंजिरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. महिन्यापूर्वी संध्याकाळी शिकवणी आटोपून परतताना कुणाल आणि त्याच्या दोन मित्रांनी तिची गाडी अडवली, तिला ओढून बाहेर काढलं आणि हसत हसत लाथाबुक्क्यांनी तुडवलं. तिच्या हाताला जॅकचा दांडा लागला. तो तिने फिरवला आणि कुणालच्या गळ्याखालचं हाड मोडलं. दोन्हीकडून तक्रारी झाल्या. मंजिरीचा फोटो दाखवल्यावर यंत्रावर कुणालचा आकडा आला चार. त्याच्या वकिलांनी लगेच मागणी केली की मग बाईंनाही खुर्चीत बसवा, कायदा सगळ्यांना सारखा आहे.

"कुणालचा चार आणि हिचा नव्याण्णव?" इरावती म्हणाली. "राऊत, यंत्र बिघडलंय."

संस्थेचे गणिती हेमंत राऊत चष्मा कपाळावर चढवून आलेख न्याहाळत होते. हे गृहस्थ एरवी चहा सांडला तरी त्यातली सांख्यिकी सांगत बसत, पण आज त्यांचा चेहरा उतरला होता.

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं, मॅडम. तीव्र भावनेचा आलेख ज्याचा त्याचा असतो, बोटाच्या ठशासारखा. दोन माणसांची जुळणी नव्वदीच्या वर गेलेली मी पाहिली नाही. नव्याण्णव फक्त एकाच माणसाशी येऊ शकते."

"कोणाशी?"

"स्वतःशी."

नमुना कसा घेतला ते इरावतीला आठवलं. सुरुवातीला त्यांनी जाहिरात दिली होती: तीव्र द्वेष वाटणारे स्वयंसेवक हवेत. एक माणूस फिरकला नाही. आपण कोणाचा द्वेष करतो असं मानणारा इसम अख्ख्या शहरात निघेना; सगळेच कसे मनाने निर्मळ! शेवटी मंजिरी आपल्या मैत्रिणींना घेऊन आली. ज्यांनी तुम्हाला मारलं त्यांना आठवा, असं त्यांना सांगितलं आणि आलेख घेतले. नियमाप्रमाणे नावं पुसली. त्यांतला सर्वांत स्वच्छ, सर्वांत ठळक आलेख प्रमाण नमुना म्हणून यंत्रात भरला. द्वेष तो द्वेष, तो मारणाऱ्याचा की मार खाणाऱ्याचा, हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही.

"म्हणजे हे यंत्र मार खाणाऱ्यालाच पकडतं," ती पुटपुटली. "मग मारणाऱ्याच्या मेंदूत काय असतं?"

"ते आपल्याकडे आहे की. कुणालचा आलेख. तोच नमुना धरून सगळ्यांना पुन्हा मोजू."

राऊतांनी साठवलेले सगळे आलेख नव्या नमुन्याशी ताडले. निकाल वाचून इरावतीने जुळणी पुन्हा करायला लावली; आकडे तेच आले.

दुसऱ्या दिवशी इरावती साक्षीला उभी राहिली. खरं सांगितलं तर यंत्र रद्द होणार आणि यंत्राशिवाय दुसरा पुरावा न मानणारा कायदाही लुळा पडणार. गप्प राहिलं तर मंजिरी तुरुंगात जाणार. तिने सगळं सांगून टाकलं. दालनात कुजबुज सुरू झाली. मंजिरी डोळे विस्फारून पाहत राहिली.

न्यायाधीश म्हणाले, "नमुना चुकला असेल तर बदला. हल्लेखोराचा घ्या."

"घेऊन पाहिला, साहेब. त्याच्याशी साधी माणसं सत्त्याण्णवपर्यंत जुळतात."

"साधी म्हणजे?"

"यंत्राचं शून्य, म्हणजे द्वेष नसल्याची पातळी, ठरवायला आम्ही काही माणसांना तृतीयपंथी व्यक्तीचा फोटो दाखवला होता. कारकून, विद्यार्थी, प्राध्यापक. कोणालाच काही वाटलं नाही. वाटेतलं पोतं ओलांडताना वाटतं तेवढंच. मंजिरीला मारताना कुणाललाही तेवढंच वाटत होतं. तीव्र भावना ज्याची त्याची असते साहेब, पण ही बेपर्वाई सगळ्यांची एकसारखी निघते. हिला द्वेष म्हणायचं, तर या दालनातली किती माणसं सुटतील मला सांगता येणार नाही."

न्यायाधीशांनी यंत्र बंद करण्याचा हुकूम दिला. यंत्राला सील लागलं. द्वेषाचं कलम मंजिरीवरूनही उतरलं आणि साध्या मारामारीच्या खटल्यात दोघांनाही जामीन मिळाला. इरावतीला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

बाहेर पायऱ्यांवर मंजिरी तिच्यासाठी थांबली होती.

"वाचवलं तुमी मले," ती म्हणाली. "पन कायदा गेला. लई वर्सं भांडलो होतो त्याच्यासाठी."

"मंजिरी, मला माफ कर."

"एक विचारू मॅडम? त्या साध्या मानसाईत तुमी बी होत्या काय?"

"हो. सगळ्यांत आधी मीच बसले होते."

"अन् फोटो कोनाचा होता?"

"तुझा. मोर्चाच्या बातमीतला."

मंजिरीने ओढणी सारखी केली. रागावली असती तरी इरावतीला सोसवलं असतं, पण ती नुसतीच थकलेली दिसत होती.

"तीन वर्सं झाली त्याले. तवा तुमी मले वळखत नव्हत्या. आता मोजलं तं येगळं येईन ना?"

येईल, असं इरावतीला ओरडून सांगायचं होतं. या पोरीने तिला गाडी शिकवली होती, तिच्या घरी दिवाळीचा फराळ खाल्ला होता. पण यंत्राला सील लागलं होतं, आणि पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती.

"मी तुला घरी सोडते," एवढंच ती म्हणाली.

दोघी फाटकाशी आल्या. कुणाल हात झोळीत अडकवून मित्रांबरोबर पानाच्या टपरीशी उभा होता. मंजिरी घरी जायची ती त्याच रस्त्याने. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा मित्राशी बोलू लागला. त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. इरावतीने मंजिरीचा हात घट्ट धरला, कारण तिला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.