घाणेरड्या पेटीतला मीटर

"आजोबा! यंत्र परत बंद केलंत?" भिंगरी ओरडली.

उशीला टेकून आजोबा धापा टाकत होते. "अगं, बिल केवढं येतंय! वीजखात्याचे साहेब म्हणालेच ना, म्हातारबुवांचं श्वासाचं यंत्रच वीज खातंय."

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आधी यंत्र सुरू केलं. छपरावर सौर पॅनेल बसवल्यापासून बिल उतरायचं सोडून चढतच चाललं होतं. आणि साहेबांनी मोटारसायकलवरून न उतरताच निकाल दिला होता, तोही कान कोरत. शी!

"आपणच बघूया मीटर," मामेभाऊ ढब्बू म्हणाला.

जिन्याखालच्या पेटीचं दार खेचलं मात्र, मेलेली झुरळं भदाभदा ढब्बूच्या पायांवर! आत पालीच्या लेंड्या नि चिकट जाळी.

"ईऽऽ! मला उलटी होणार!"

"नंतर हो! आधी टॉर्च धर."

भर दुपारी दोघांनी आजोबांना यंत्रासकट शेजारच्या काकूंकडे बसवलं. मग फ्रीजपासून पंख्यापर्यंत घरातलं सगळं बंद केलं. तरी मीटरचा लाल दिवा आपला लुकलुकतोय, आकडाही वाढतोय!

"भूत!" ढब्बू कुजबुजला.

"भूत कसलं, बावळटा! घरात कोणी वापरत नाही, म्हणून छपरावरची वीज बाहेरच्या तारांत चाललीय." भिंगरीने सौर पॅनेलचा खटका पाडला. दिवा थांबला! खटका लावताच पुन्हा लुकलुक. "बघ! मीटर जुनाच आहे. याला येणारी नि जाणारी वीज वेगळी कळतच नाही. आपण बाहेर दिलेली वीजसुद्धा आपल्याच माथी मारतोय!"

"आजोबांचं यंत्र घराबाहेर काढलंय, बघायला या," असा आईकडून फोन जाताच साहेब खुशीत हजर झाले.

मीटरचं विचारताच म्हणाले, "येणारी नि जाणारी वीज वेगळी मोजणारा दुतर्फी मीटर तर आम्ही कधीच बसवलाय!"

"कुठे? उघडा ना पेटी," भिंगरी गोड आवाजात म्हणाली.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला, दोन बोटांनी दार ओढलं आणि त्यांचा चेहरा पडला. भिंगरीने खटका पाडून, लावून दाखवला. काकू, आई, सगळे बघत होते.

"मला वाटलं, आमच्या माणसाने बदलला असेल..."

"वाटलं?" आई कडाडली. "तुमच्या वाटण्यापायी माझे वडील श्वास कोंडून पडले होते!"

भिंगरीला त्या झुरळांपेक्षा साहेबांचीच जास्त किळस आली.

"आजच मीटर बदलतो, बिलंही दुरुस्त करतो. पोरं हुशार आहेत हो तुमची!"

"ते राहू दे," भिंगरी म्हणाली. "आधी आजोबांची माफी मागा."

साहेबांनी काकूंकडे जाऊन, मान खाली घालून आजोबांची माफी मागितली. आजोबांनी पोरांचे काळेकुट्ट हात आपल्या हातांत घेतले.

"साहेब, तुम्हाला जिथे नजर टाकवली नाही, तिथे माझ्या नातवंडांनी हात घातला. म्हणून मी आज बोलतोय."