दोन ठोक्यांना उत्तर

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. नागेश कीर्तनात रमणारा माणूस. देवाच्या फोटोवर हात ठेवून त्यानं ती सांगितली. गेल्या मार्चमधला दुसरा रविवार, आखातातल्या रुवैसचा समुद्रकाठ, सकाळचे सहा.

मार्चात तिथल्या हवेचा भरवसा नसतो. काल वाळूचं वादळ, आज धुकं. पण पाणी जरा कोमट झालं की मासा खडकांपाशी येतो, आणि रिफायनरीच्या कामगार कॅम्पमधले गळवाले वर्षभर याच दिवसांची वाट बघतात.

नागेश आणि दौलत दोघे दापोलीकडचे, एकाच खोलीतले. दौलतचा गळा गोड. दूध पावडरच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून तो अभंग म्हणायचा. आमिषाची कोळंबीही त्याच डब्यातून न्यायचा.

"देवाला कोळंबीचा वास येत असेल रे," नागेश चिडवायचा.

"देव कोकणातलाच आहे. चालतं त्याला."

धुक्यात दोघं एकमेकांना दिसत नसत, म्हणून दौलतनं खूण ठरवली होती. डब्यावर दोन ठोके म्हणजे, कुठे आहेस?

तीन ठोके म्हणजे... आलो.

आदल्या वर्षी याच दिवसांत दौलतनं त्याला पहाटे हलवलं. "ऊठ, हमूर मासा लागलाय काठाला."

"तू हो पुढे. आलोच मी."

नागेश कूस बदलून झोपला.

धुक्यात दौलतचा पाय घसरला. दुपारी त्याचा देह सापडला. खडकावर डबा तसाच होता, कोळंबीसकट. तो डबाही बॅगेबरोबर गावी गेला, आईकडे.

त्या माउलीला, ठकुबाईंना, नागेशनं फोनवर सांगितलं, "काकी, माझी ड्युटी होती त्या दिवशी."

मग वर्षभर त्यानं गळ हातात धरला नाही. त्या रविवारी मात्र आमिषाचा डबा घेऊन गेला. एकटाच.

गळ टाकला आणि धुकं उतरलं...

आधी रिफायनरीचे दिवे गेले. मग पाणी. मग हातातली दोरीसुद्धा.

लाटांचा आवाज थांबला...

टण. टण.

समुद्राच्या बाजूनं.

तिकडे खडक नव्हता. उभं राहायला जागाच नव्हती.

नागेशनं विठ्ठलाचं नाव घेतलं.

पुन्हा... टण. टण.

भीती नाही वाटली, असं तो सांगतो. जत्रेत हात सुटलेला माणूस हाक मारतो, तसा तो आवाज होता. वर्षभर त्याला कुणी ओ दिली नव्हती.

नागेशनं आपला डबा पालथा केला.

टण. टण. टण.

मग काहीच नाही... एकदम वारा सुटला, धुकं फाटलं. समोर नुसतं सपाट पाणी.

तो खोलीवर आला. फोन चार्जिंगला ठेवून गेला होता.

"भाई, तेरा फोन कब से बज रहा है," खोलीतला वासिफ म्हणाला.

ठकुबाईंचे चार मिसकॉल.

"काकी, काय झालं?"

"नागेशा, लोक वेडी म्हणतील म्हणून कुणाला बोलले नाही रे. दौलतचा डबा फळीवर ठेवलाय. दर रविवारी सकाळी तो दोनदा वाजतो. आज साडेसातला, चहा ठेवत होते... तीनदा वाजला."

तिकडचे साडेसात. म्हणजे इकडचे सहा.

"दोनाचं त्यानं मला सांगितलं होतं, कुठे आहेस म्हणून. तीन म्हणजे काय रे?"

नागेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तीन म्हणजे... आलो."

ती माउली रडता रडता हसली.

"मग आला म्हणायचा माझा."

ठोके मी मारले, काकी. त्या दिवशी ड्युटी नव्हती, मी झोपलो होतो... सगळं ओठांपर्यंत आलं होतं. तिथंच राहिलं.

त्यानंतर तो डबा वाजलेला नाही. काकी आता शांत झोपतात. म्हणून नागेश अजून गप्प आहे.

पण 'आलो' हा शब्द त्यानं दौलतला दुसऱ्यांदा दिलाय...

रविवारी धुकं पडलं की तो पहाटेच उठून बसतो. या वेळी कूस बदलायची त्याची हिंमत होत नाही.