दोरी धरून आलेली

धप्प! असा आवाज झाला होता, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला तेव्हा. खूप वर्षं झाली. मी मशीनवर बसून पँटची शिलाई मारत होतो. सुई कापडात तशीच राहिली, सगळी गल्ली काळी झाली, आणि गच्चीवरून शेजारच्या चष्मेवाल्याच्या बायकोची हाक आली, "अहो, वर या! आधी वर या! कृत्तिका दिसतायत!"

मी आणि चष्मेवाला धडपडत वर गेलो. वहिनी मान वर करून बोट दाखवत होत्या. लहानपणी त्या आणि त्यांची धाकटी बहीण अंगणात पडून कृत्तिका मोजायच्या. बहिणीला सहा दिसायच्या, ह्यांना सात. त्यावरून दोघींची झिंज्या ओढेपर्यंत भांडणं. मला एक पुसट डाग दिसला. मी म्हटलं, "वहिनी, मला सुईचं नेढं दिसतं तेवढं पुरे." तेवढ्यात वीज आली. गल्लीभर लोक ओरडले, आणि वरचं सगळं पुसल्यासारखं गेलं.

हसा. भुताची गोष्ट मागितली तर म्हातारा ट्रान्सफॉर्मर सांगत बसलाय. जरा दम धरा. भुताला काही शेवटची बस पकडायची नसते.

पुढे वहिनींची नजर जायला लागली. ओळखलं चष्मेवाल्यानेच. भाजी चिरताना बाजूला ठेवलेलं ताट त्यांना सापडेना. दारातून जाताना चौकट खांद्याला लागायची. मोठ्या डॉक्टरने सांगितलं, नजर कडांकडून मिटत येणार. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं राहील, आणि थोड्या दिवसांनी तेही नाही. औषध नाही. गावभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवणारा माणूस घरी येऊन भिंतीला टेकून बसला.

वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढं करा. एकदा कृत्तिका बघायच्या आहेत. मग झाकले डोळे तरी चालतील."

त्याने स्वतः दुर्बीण बनवली. नळीतून बघणारी नजर, मग दुर्बीण म्हणजे तरी काय, नळीच, असं त्याचं म्हणणं. भिंगं त्याची, आणि डोक्यावरून घ्यायला काळ्या कापडाचा बुरखा मी शिवून दिला, आजूबाजूचा उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून. पण गच्चीवर कशाचा उपयोग? इकडे दुकानाचा मोठा फलक, तिकडे पुलावरचे दिवे, आणि वर चहा सांडल्यासारखं तांबूस आभाळ. तासभर खटपट करून एक विमान सापडलं. वहिनींनी डोळा लावला आणि नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "विमानसुद्धा छान आहे हो."

मग त्याच्या एका गिऱ्हाइकाने, शाळेतल्या मास्तरांनी, त्याला शहराबाहेरची दगडाची बंद खाण सांगितली. तिथे मास्तर आणि त्यांची मंडळी अंधाऱ्या रात्री तारे बघायला जमत. त्यांचा एक नियम कडक होता. उजेड करायचा नाही. विजेरी नाही, मोबाइल नाही, काडीसुद्धा नाही. अंधाराला सरावलेला डोळा एका ठिणगीने बिघडतो, आणि परत सरावायला अर्धा तास लागतो. म्हणून ते लोक गाड्यांपासून दुर्बिणींपर्यंत खुंट्यांना दोरी बांधायचे आणि ती हाताने चाचपत ये-जा करायचे. कोणी कोणाचं तोंड बघत नसे. आवाजावरून ओळखायचं, नाहीतर ओळखायचंच नाही.

चष्मेवाला मला म्हणाला, "तारे बघायची वेळ आणि भुतांची वेळ एकच बघ. अमावास्या."

मी म्हटलं, "भूत दिसलं तर त्याचाही नंबर काढ."

हे मी म्हटलं होतं. माझ्याच तोंडाने.

डिसेंबरातली शनिवारची अमावास्या. गल्लीतल्या मेकॅनिकची गाडी मागून तो वहिनींना घेऊन गेला. थंडी मरणाची. वहिनींना त्याने गाडीतच शाल पांघरून बसवलं. अंधारात त्यांना काहीच दिसत नसे, स्वतःचा हातसुद्धा. म्हणाला, "मी लावून ठेवतो. हाक मारली की दोरी धरून ये. सरळ माझ्यापाशी येशील." त्याने दुर्बिणीत कृत्तिका धरल्या. वहिनींचा नंबर त्याला पाठ. आपला डोळा तिच्यासारखा व्हावा म्हणून उलट नंबराची काच डोळ्यापुढे धरून त्याने फोकसचं चाक नेमकं बसवलं आणि हात काढून घेतला. आत साठ-सत्तर तारे होते. काळ्या कापडावर मीठ सांडावं तसे. त्याला वाटलं, आता हिला दाखवलं की संपलं.

त्याने हाक मारली. "ये गं."

दोरी हलली.

खडीवर पावलं वाजली. हळूहळू. अंदाज घेत. तो म्हणाला, "सावकाश. खड्डा आहे." पावलं थांबली. पुन्हा आली.

त्याच्या खांद्यावर हात पडला.

हात गार होता. थंडीच तशी होती. त्याने तो हात धरून दुर्बिणीवर ठेवला. काळा बुरखा डोक्यावरून घातला. हनुवटी धरून डोळा भिंगापाशी आणला. गाल गार होता.

"दिसतंय?"

...

"घाई नको. आधी नुसता उजेड दिसेल. मग तारे."

...

चाक फिरल्याचा आवाज आला. करर्... करर्...

"अगं, चाकाला हात नको लावू. तुझ्याच नंबराला लावलंय."

करर्...

"आता दिसतंय का?"

"... हं."

एवढंच. त्याचे डोळे भरून आले. ट्रान्सफॉर्मरच्या रात्रीपासूनचं देणं त्याने फेडलं होतं. कितीतरी वेळ ती बघत राहिली. श्वासाची वाफ भिंगावर बसेल म्हणून तो सांगणार होता, श्वास जरा बाजूला सोड.

मग त्याच्या लक्षात आलं.

श्वास ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात लांबून, गाडीकडून, काच खाली केल्याचा आवाज आला. आणि वहिनींचा आवाज. "अहो... किती वेळ? मला न्यायला या ना. दोरी सापडत नाही मला."

तो उभाच राहिला.

शेजारी बुरखा होता. बुरख्याखाली कोणीतरी होतं. त्याच्या हातात अजून हनुवटी होती.

त्याने हात काढून घेतला.

बुरखा हलला... खाली पडला. पावलं खडीवरून निघाली. गाडीकडे नाही. खाणीकडे. तिकडे दोरी नव्हती. तिकडे कडा होता, आणि खाली साठलेलं पाणी. पावलं थांबली नाहीत. अडखळली नाहीत. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

त्याच्या खिशात मोबाइल होता. त्याने उजेड केला नाही. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "तिला अजून दाखवायचं होतं ना. उजेड केला असता तर अर्धा तास वाया गेला असता."

असा माणूस. भ्याला नव्हता असं नाही. पाय चालत होते आणि तो त्यांच्यामागे जात होता, म्हणाला. वहिनींना हात धरून आणलं. बुरखा उचलून झटकला. चाकाचं भानच नव्हतं. त्यांच्या डोक्यावर घातला. आणताना वाटेत लांबून मास्तरांचा आवाज आला होता, "आम्ही मघाशीच सगळे टेकाडापलीकडे आलो हो, तुम्हा दोघांना निवांत बघता यावं म्हणून." तो हो म्हणाला.

वहिनींनी डोळा लावला. मग म्हणाल्या, "अगं बाई... दिसल्या! सात आहेत. सातच्या सात!"

सात.

दुर्बिणीत साठ-सत्तर होते. त्याने स्वतः बघितले होते.

तो म्हणाला, "छान. बघून घे."

सकाळी दुकान उघडून त्याने दुर्बीण खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवर लावली. चाक एका टोकापर्यंत फिरलेलं होतं. आत नुसतं राखेसारखं धुकं. टाकी नाही, भिंत नाही, काही नाही. मग त्याने नंबर काढायच्या पेटीतल्या काचा एकेक करून डोळ्यासमोर धरल्या. पातळ, जाड, सगळ्या. अगदी दोन-दोन जोडूनसुद्धा. एकीनेही ते धुकं फाटलं नाही. "मी इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासतोय," तो म्हणाला. "असा डोळा माणसाला नसतो."

हे त्याने मला माझ्या दुकानात सांगितलं तोवर, उन्हाळा लागायच्या आधीच, वहिनींची नजर पूर्ण गेली होती. दुर्बीण त्याने माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवली. "घरात नको. तुझ्याकडे राहू दे. चाकाला हात लावू नकोस."

मी विचारलं, "वहिनींना सांगितलंस?"

तो काही बोलायच्या आत वहिनीच आल्या, भिंतीला हात लावत, नवऱ्याला शोधत. माझा आवाज ऐकून हसल्या. "काय भाऊजी, मशीन बंद? ह्यांनी गोष्ट सांगितली की नाही तुम्हाला? मला सगळं दाखवलं हो ह्यांनी. सातच्या सात. बहिणीला फोन करून सांगितलं, बघ, मीच बरोबर होते."

"वा, वहिनी," मी म्हटलं.

"आता डोळे मिटले तरी तेच दिसतं," त्या म्हणाल्या. "फक्त एक कळलं नाही. मी बघत होते तेव्हा दुसऱ्या बाजूने माझा हात कोणी धरला होता? ह्यांचे दोन्ही हात तर माझ्या खांद्यांवर होते."

मी चष्मेवाल्याकडे बघितलं. त्याने वहिनींचा उजवा हात उचलला, बांगड्या मागे सारून पालथा केला. मनगटाभोवती पांढरट वळ होता, चार बोटांचा, खडीच्या भुकटीसारखा. त्याने बोटाने पुसून बघितला. निघाला नाही.

त्याने हात हळूच खाली ठेवला, चप्पल पायात सरकवली, आणि मेकॅनिककडे गाडी मागायला निघून गेला.