झीलकरी

‘बोंब’ हे बँडचं नाव ऐकून आंजीच्या बाजारातले भाजीवाले पोट धरून हसले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. भर दुपारी, वांग्यांचे ढीग आणि कांद्याची पोती यांच्या मधल्या ओट्यावर उभं राहून तिघं जण बोंबा मारणार, असंच एकंदर दिसत होतं. मध्ये पौर्णिमा, गळ्यात गिटार, एका बाजूचे केस पार उडवलेले. डावीकडे बेस वाजवणारा धीरज. त्याच्या घरची भाजीची व्हॅन दौऱ्याला मिळाली होती आणि कितीही धुतली तरी तिच्यातून मेथीचा वास जात नव्हता. मागे ड्रमवर विवेक, पौर्णिमाचा धाकटा भाऊ.

‘बोंब’चा हा पहिलाच दौरा. आंजी, रोहणा, कारंजा, तिन्हीकडे बाजाराच्या दिवशी, दुपारीच. शेवटचा कार्यक्रम रविवारी वर्ध्यात, घराजवळच्या मैदानात. बाजारच का, असं धीरजने विचारलं तेव्हा पौर्णिमा म्हणाली होती, “ज्याले ऐकाचं नाई तोही बाजारात येते. त्यालेच ऐकवाचं हाय मले.” पंक म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं. रद्द झालेली भरती, कोरडा नळ, फुटलेला पेपर, जे काही पोटात साचलं असेल ते दोन मिनिटांत ओरडून टाकायचं आणि गाणं संपवायचं नाही. तोडायचं. ओळ अर्धी असतानाच विवेकने झांजेवर एक दणका द्यायचा आणि तिघांनी एकदम गप्प व्हायचं. ऐकणारा तोंड उघडं टाकून बघत राहतो. पौर्णिमाला ते उघडं तोंड फार आवडायचं.

तिने हाच रस्ता का निवडला हे धीरजला ठाऊक नव्हतं. विवेकला होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे वडील लहानू याच गावांतून गायन पार्टीबरोबर फिरायचे. ते झीलकरी होते. मुख्य गायक पुढे उभा राहून ओळ म्हणतो आणि त्या ओळीचं शेपूट उचलून जो मागून परत गातो, तो झीलकरी. पोस्टरवर त्याचं नाव नसतं, पण तो नसला तर गाणं लंगडं होतं. रोहण्याच्या कार्यक्रमानंतर पार्टीची जीप नाल्याच्या पुरात गेली. चौघं वाचले, लहानू वाचले नाहीत. पौर्णिमा तेव्हा चार वर्षांची होती आणि विवेक आईच्या पोटात.

घरात वडिलांचा एक फोटो होता. आवाज कुठेच नव्हता. त्यांनी स्वतः रचलेल्या एका गाण्याचं धृपद तेवढं आईला, कांताला, येत होतं. भाकरी थापताना ती गुणगुणायची: ‘सांग रे वाटसरा, गाव किती दूर.’ बाकीचं गाणं तिला आठवत नव्हतं. पौर्णिमाने त्या एका ओळीचा वेग तिप्पट केला, तिच्यावर गिटार घातली आणि ते ‘बोंब’चं शेवटचं गाणं झालं.

“चेहरा हाय फोटोत,” ती एकदा विवेकला म्हणाली होती. “मले त्याचा आवाज पाह्यजे. चार वर्षाची होती मी. ऐकला असन ना मी तो? मंग काऊन आठवत नाई?”

विवेकने तर तो ऐकलाच नव्हता.

आंजीचा कार्यक्रम बरा झाला. शिव्या कमी पडल्या आणि एका म्हातारीने बळेच चार मुळे हातात कोंबले. विवेक वर्ध्यात अँप्लिफायर दुरुस्त करायचा, त्यामुळे रेकॉर्डिंगची जबाबदारी त्याची होती. त्याच्या यंत्रावर दोन पट्टे होते. एकावर फक्त पौर्णिमाचा माइक, दुसऱ्यावर सगळ्या बाजाराचा आवाज. व्हॅनमध्ये बसून त्याने शेवटचं गाणं लावलं. ‘गाव किती दूर’ हे मागून विवेक आणि धीरज ओरडायचे. रेकॉर्डिंगमध्ये तिघं ओरडत होते. तिसरा आवाज पुरुषाचा, जाडसर, किंचित मागे रेंगाळणारा. तो ओरडत नव्हता, गात होता.

“बाजारातला कोनी असन,” धीरज म्हणाला. “घेतलेला.”

विवेकला ते पटलं. पौर्णिमा पुढच्या सीटवर, धीरजच्या शेजारी बसली होती. तिला मागे बसलं की मळमळायचं. ती वळून म्हणाली, “परत लाव.”

रोहण्यात तीन वाजता उन्हं चांगलीच तापली होती. बाजाराच्या टोकाला सिमेंटचा चौथरा होता आणि समोर तूर आणि हरभऱ्याची पोती. गाणी ठरल्याप्रमाणे झाली. शेवटच्या गाण्यात विवेकने झांजेवर दणका दिला आणि तिघं गप्प झाले. त्या शांततेत त्याला वाटलं, कोणी तरी एक ओळ जास्त म्हणून मग थांबलं. कानात दडे बसले की असं होतं, हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं.

सामान आवरताना एक म्हातारी काठी टेकत चौथऱ्याशी आली. पांढरं लुगडं, गळ्यात काही नाही. जय भीम झाला. तिचं नाव कुसुमबाई.

“हे लहानूचं गाणं तुमाले कोनं देल्लं?” तिने विचारलं.

पौर्णिमाने सांगितलं. म्हातारीने तिच्या उडवलेल्या केसांवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

“माह्या घरी जेवली होती पार्टी त्या दिवशी,” ती म्हणाली. “चंद्रभान पुढं गात होता, तुहा बाप मांगं. गाणं रंगात आलं अन् कोनं तरी बोंबललं, नाल्याले पूर येऊन राह्यला, निघा. चंद्रभान गप झाला. वाजंत्री उठली. अन् तुहा बाप डोये मिटून झील धरूनच होता. दंड धरून नेलं त्याले जीपीत. गाणं अर्ध्यातच राह्यलं.” तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. “सापडला तिसऱ्या दिवशी. घरी नेण्यासारखा नोता राह्यला. आमच्याच काठावर केलं आमी त्याचं. तुह्या मायले इथंच आणलं होतं. सात महिन्याची पोटुशी.”

हे शेवटचं आईने कधी सांगितलं नव्हतं.

“अन् तुमी आज पुन्यांदा अर्ध्यात सोडलं,” कुसुमबाई म्हणाली. “काऊन व माय?”

“आमचं गाणं तसंच राह्यते, मावशी. तोडतोच आमी.”

“पुढच्यानं गाणं संपवाव लागते. छाप म्हनाव लागते. छाप पडली का मांगचा मोकया होते. नाई तं तो धरूनच बसते.” छाप म्हणजे शेवटचं कडवं, ज्यात रचणाऱ्याचं नाव येतं. तिने ते गाऊन दाखवलं नाही, नुसतं सांगितलं: “लहानू म्हणे, दिवा दिसला, आलं रे आलं गाव.”

“आपन असलं काई मानत नाई, मावशी,” विवेक म्हणाला.

“मी तरी कुठं मानतो?” म्हातारी म्हणाली. “मी का भुताचं सांगून राह्यली? मी गाण्याचं सांगतो.”

व्हॅनमध्ये विवेकने रेकॉर्डिंग लावलं. बाजाराच्या पट्ट्यावर काहीच नव्हतं, नुसता गोंगाट. तो आवाज पौर्णिमाच्या माइकच्या पट्ट्यावर होता. तो माइक तिच्या ओठांपासून दोन बोटांवर होता आणि आवाज तितक्याच जवळून येत होता. विवेकने केबल तपासली. पट्टे बदलून पाहिले. दुसरा हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा पहिला पौर्णिमाने ओढून स्वतःच्या कानाला लावला. झांज वाजली, सगळं थांबलं आणि तो आवाज एकटाच म्हणाला, ‘गाव किती दूर.’ मग श्वास घेतल्याचा आवाज आला, पुढची ओळ येईल म्हणून थांबलेल्या माणसाने घ्यावा तसा.

पौर्णिमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं.

“हाच व्हय,” ती म्हणाली. “विव्या, हाच व्हय. आठवला मले.”

विवेकला हेडफोन काढवेना. बावीस वर्षं त्याला कशाचीच उणीव वाटली नव्हती, असं तो समजत होता. बाप नावाची वस्तू घरात नव्हती, एवढंच. आता ती नसलेली वस्तू त्याच्या कानात श्वास घेत होती.

“कारंजात छाप म्हणून टाक, ताई,” तो शेवटी म्हणाला. “म्हातारी म्हणते तर म्हणून टाक. आपलं काय जाते?”

“आवाज जाईन ना.” तिने मान हलवली. “रविवारी म्हणतो. आई समोर बसन तवा. तिले एकदा ऐकू दे, मंग सोडू त्याले. तोवर तू तोडजो. आइकलं का? तोडजो.”

तो ‘नाही’ म्हणू शकला असता. झांज त्याच्या हातात होती. पण त्यालाही तो आवाज आणखी एकदा हवा होता, आणि तो ‘हाव’ म्हणाला.

रोहण्याहून निघताना पौर्णिमा मागच्या बाकावर, ड्रमच्या पेट्यांशी येऊन बसली.

“मळमळन ना तुले,” विवेक म्हणाला.

“पुढं जागा कुठं हाय?” ती म्हणाली आणि काचेला डोकं टेकून झोपली.

पुढची सीट रिकामी होती. धीरजने तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली होती. पहिल्या वळणावर ती घरंगळून खाली पडली आणि त्याने ती पुन्हा तिथे ठेवली नाही.

कारंजात संत्र्यांचा हंगाम जोरात होता. हायवेवरून ट्रक धडधडत जात होते आणि त्यांच्या हॉर्नखाली पहिली दोन गाणी बुडालीच. शेवटच्या गाण्याला विवेकने मोजून काड्या वाजवल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं, पौर्णिमा माइकपासून मागे सरकली आहे. फार नाही, एक पाऊल. माइक पुढे एकटाच उभा होता आणि ती त्याच्या मागे, किंचित डावीकडे, गिटार सोडून, एक हात कानावर ठेवून उभी होती.

असा हात ती कधी ठेवत नव्हती.

आवाज मात्र नेहमीसारखाच येत होता. निदान विवेकला तसं वाटलं. त्याने दणका दिला. तिघं गप्प झाले.

समोर कोणाचं तोंड उघडं नव्हतं. लोक शांतपणे ऐकत होते. एक संत्रीवाला मान डोलवत होता, दाद देत होता. तो पौर्णिमाकडे बघत नव्हता. माइककडे बघत होता.

विवेक ती शांतता मोजत बसला, अकरा सेकंद. मग लोक हळूहळू पांगले.

धाब्यावर धीरज चहा सांगायला गेला. पौर्णिमा बाजेवर बसून हायवेकडे बघत होती. विवेकने हेडफोन लावले.

माइकच्या पट्ट्यावर पुढे पुरुष गात होता. पूर्ण ओळ. ‘सांग रे वाटसरा, गाव किती दूर.’ मोकळा, खणखणीत आवाज, आता जराही न रेंगाळणारा. पौर्णिमाचा आवाज त्याच्या मागून येत होता. ती फक्त शेपूट उचलत होती.

झांज वाजली. ड्रम थांबला, बेस थांबला. ते दोघं थांबले नाहीत. त्याने मोजलेल्या त्या अकरा सेकंदांत, पौर्णिमा ओठ मिटून उभी असताना, ते दोघं गातच होते. विवेकने बाजारात यंत्र बंद केलं तिथवर.

त्याने तो तुकडा आईला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. पाच मिनिटांनी तिचा आवाजी निरोप आला.

“तुह्या बापाचाच आवाज हाय हा,” कांता म्हणाली. “कुठून भेटला रे बापू?”

लगेच दुसरा निरोप आला.

“पन पौर्णिमा काऊन मांगून गाऊन राह्यली? तिले पुढं ये म्हना. आत्ता.”

धीरज चहा घेऊन आला. “बिस्किट सांगू का, पौर्णिमा?”

“सांगू का, पौर्णिमा,” ती म्हणाली.

धीरज हसला. “मस्करी नको करू व.”

“नको करू व.”

तिचा आवाज प्रेमळ होता, लांबून आल्यासारखा. धीरजने विवेककडे पाहिलं आणि कप बाजेवर ठेवला.

वर्ध्यापर्यंत विवेक तिच्या शेजारी बसून होता. तिचा हात त्याने दोन्ही हातांत धरला होता. तो गरम होता, नाडी नीट चालत होती. तो तिच्या कानाशी तेच म्हणत राहिला, आधी बोलून, मग गाऊन, मग रडत: लहानू म्हणे, दिवा दिसला, आलं रे आलं गाव. बाकी कशाचंही शेपूट ती उचलत होती. धीरजच्या फोनवरच्या बोलण्याचं, टोलवरच्या माणसाच्या हाकेचं. याचं उचलत नव्हती. छाप पुढच्यानेच म्हणायची असते, आणि विवेक तिच्या पुढे नव्हता.

घराच्या गल्लीत व्हॅन शिरली तेव्हा दिवस मावळत होता. आईने दारातला दिवा लावला होता आणि ती पायरीवर उभी होती.

“ताई, उतर,” विवेक म्हणाला. “आपलं गाव आलं.”

पौर्णिमा काचेतून दिव्याकडे बघत राहिली.

“किती दूर,” ती हळूच म्हणाली.

विवेकने आईला हाक मारायला तोंड उघडलं. कांता व्हॅनच्या पुढच्या, रिकाम्या सीटकडे बघत होती. मग तिने लहानू गेल्यापासून बावीस वर्षांत कधी घेतला नव्हता तो पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि वाट देत दारातून बाजूला सरकून उभी राहिली.