पाच सेकंदांचा नियम

गुरुराज पहिल्यांदा भेटला तो देवराज मोहल्ल्यात, आमच्या शिलाईच्या दुकानात. हाफपँटचा खिसा खोल करून हवा होता. "पळताना कार्डं पडतात हो," म्हणाला आणि असा हसला, की माझी सुई बोटात घुसली!

त्या रविवारी हेब्बाळच्या मैदानावर, आमच्या सामन्यात कळलं, स्वारी रग्बीची रेफरी आहे. आणि मी शिवलेल्या त्याच खिशातून त्याने पिवळं कार्ड काढलं... ते मलाच दाखवायला. मी दहा मिनिटं बाहेर!

मी नऊ नंबर. खेळाडूंच्या ढिगाऱ्यातून चेंडू काढून फेकायचा, हे माझं काम. पूर्वी चेंडू पायाखाली दाबून हवा तेवढा वेळ काढता यायचा. यंदा नवा नियम आला. रेफरी "यूज इट!" ओरडला, की पाच सेकंदांत चेंडू बाहेर. आम्ही सगळ्या हडकुळ्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. आम्हाला हा नियम म्हणजे दिवाळीच. पण रेफरी चटपटीत हवा, आणि गुरुराज तसा होता.

फक्त एक खटकायचं. समोरच्या धिप्पाड संघात विशालाक्षी होती. लांब वेणीची, माझ्यासारखीच नऊ नंबर. तिच्याशी हा सारखा बोलायचा. "विशालाक्षी, हात काढ... विशालाक्षी, मागे हो..." मला मात्र नुसती शिट्टी, फार तर "नऊ नंबर!" मला काय नाव नाही? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अंतिम सामन्याच्या सकाळी आमची कॅप्टन कमलाक्षी धापा टाकत आली. "अंबुजा, गुरुराज सर आज नाहीत कणे, नाहीत गं! स्वतःच नको म्हणाले. दुसरेच कोणी आलेत."

मी वळून बघितलं. साहेब कठड्यावर बसले होते, आणि विशालाक्षी त्यांना संत्रं सोलून देत होती. स्वतःच्या हातांनी!

नवे रेफरी देवमाणूस, पण "यूज इट" म्हणायची त्यांना घाईच नव्हती. विशालाक्षी चेंडूवर पाय ठेवून आरामात उभी राहायची आणि आमचं पळणं वाया जायचं. आम्ही हरलो. मी चिखलाने माखलेली तशीच गुरुराजसमोर जाऊन उभी राहिले.

"कसं लागलं संत्रं, सर? गोड होतं?"

"अय्यो... आंबट होतं."

"तुम्ही असता तर आम्ही जिंकलो असतो. तिच्यासाठी सोडलात ना सामना?"

"तिच्यासाठी?" तो उठून उभा राहिला. "ती सारखी ऑफसाइड असते. नियम मोडायच्या बेतात असलेल्यालाच रेफरी आधी सांगतो. तुला काय सांगणार? तुझं सगळं बरोबरच असतं."

"मत्ते... मग ते पिवळं कार्ड?"

"तेवढं एकदा चुकलं होतं तुझं."

मला हसू आलं; मी ते दाबलं. "मग सोडलात का?"

तो बुटाच्या टोकाने लाल माती उकरत राहिला... माझाही धीर सुटला. मी त्याच्याच आवाजात ओरडले, "यूज इट!"

तो दचकला. मग भडाभडा बोलला, "ओरडून झालं की मनात पाच मोजायचे असतात. तू चेंडूवर वाकलीस, की मी तिनावरच अडकतो — पुढचे आकडे आठवतच नाहीत. आपल्या माणसाच्या सामन्यात शिट्टी धरायची नसते, अंबुजा. संघटनेला तेच सांगितलं... की नऊ नंबर माझी — म्हणजे, अजून तिला विचारलं नाही, पण..."

अंबुजा. पहिल्यांदाच! हरल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं.

"आता चेंडू तुझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "यूज इट."

विशालाक्षी कठड्यापाशी वेणी सोडवत आमच्याकडेच बघत होती. एरवी मी डोळ्याचं पातं लवायच्या आत चेंडू फेकते. आज मात्र पाचही सेकंद पुरते वापरले. आणि मग गुरुराजचा हात धरला, तिला नीट दिसेल असा.