पंधरावी मुलाखत

सकाळी साडेसातला युवराज सुतार दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला, तेव्हा मनगटावरचा पट्टा दोनदा थरथरला आणि त्यावर आकडा उमटला. एकसष्ट.

"झोप छान झाली, युवराजदादा," पट्टा म्हणाला. "आजचा दिवस आपला आहे."

"तुझा असंल," युवराज पुटपुटला आणि त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

ओट्यापाशी त्याची बायको वनिता डबा भरत होती. ती एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करी आणि आठच्या आत तिला निघावं लागे. युवराजची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. घरातून कामाला एकटी वनिताच बाहेर पडे, पण आवरून तयार दोघंही होत. ही सगळी त्या पट्ट्याची किमया होती.

पट्ट्याचं नाव सोबती. हुरूप केंद्रात नोकरीसाठी नाव नोंदवलं की तो मिळे. नाडी, घाम, झोप आणि आवाज यांवरून तो माणसाचा हुरूप मोजी आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवी. आकडा सलग तीन दिवस पस्तिसाच्या खाली राहिला की चौथ्या दिवशी नोंदणी बाजूला ठेवली जाई. खचलेला उमेदवार कंपन्यांना नको असतो, असं केंद्राचं म्हणणं. थोडक्यात, नोकरी नसली तरी चालेल, पण तोंड पाडून बसायचं नाही.

युवराजनं कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत पंचवीस वर्षं पॅटर्नमेकर म्हणून काम केलं होतं. ओतायच्या भागाची लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद ओढून काढायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, अशी ती पद्धत. मग आराखड्यावरून वाळूचा साचाच थेट छापणारं यंत्र आलं. विभागात वीस माणसं होती, त्यातली तीन ठेवली.

नोकरी गेली तरी धंद्यानं लावलेली सवय जात नाही. कुणी 'बरोबर आहे' म्हणालं की युवराज पुन्हा मोजून बघे. वनिता चेष्टेनं सांगायची की लग्न ठरताना यांनी माझी पत्रिका पाहिली नाही, पत्रिकेवरचा शिक्का तेवढा उजेडात धरून पाहिला.

तर अशा माणसाला पहिल्या सात महिन्यांत तेरा मुलाखती आल्या, आणि त्याला संशय येऊ लागला. सगळ्या पडद्यावरच्या. वशिला लागू नये म्हणून निवड होईपर्यंत कंपनीचं नाव गुप्त. समोरचा माणूस नेहमी गोड बोले, अनुभवाचं कौतुक करी आणि आठवड्यानं तितकाच गोड नकार येई. पहिल्या चार-पाच वेळा युवराजला बरं वाटलं. नंतर त्याच्या लक्षात आलं, की बोलावणं येतं ते आकडा चाळिसाच्या खाली गेल्यावरच. एकदा-दोनदा झालं असतं तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणता आलं असतं. तेरा वेळा कावळा त्याच फांदीवर कसा बसेल?

त्यानं परीक्षा घ्यायची ठरवली. एका सोमवारी दुपारी ट्रंक उघडून त्यानं रंधा, पटाशा, कंपास समोर मांडले आणि शेवटच्या दिवशी फाउंड्रीच्या गेटवर ओळखपत्र परत घेणाऱ्या वॉचमनचा चेहरा आठवत बसला. रडायचं नाटक करायला गेला आणि खरंच रडला. आकडा एकतीसवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चौदावी मुलाखत हजर. महिनाभरानं त्यानं तोच प्रयोग पुन्हा केला. आकडा अठ्ठावीस झाला आणि संध्याकाळी पाचला पट्टा म्हणाला, "अभिनंदन, युवराजदादा. शुक्रवारी अकरा वाजता मुलाखत आहे. थेट अंतिम फेरी."

अंतिम फेरी त्याला आजवर एकदाही मिळाली नव्हती. वनितानं देवापुढं साखर ठेवली. युवराजनं तिला आपला संशय सांगितला, तेव्हा ती चिडली नाही. खोटी असली तर आपलं काय जाणार आहे, एवढंच ती म्हणाली. पण साखर ठेवताना तिचा चेहरा कसा खुलला होता, ते युवराजनं पाहिलं होतं. तिचं काय जाणार आहे हे त्याला चांगलं कळत होतं.

गुरुवारी तो हुरूप केंद्रात गेला. समुपदेशक शलाका नाडगौडा तिशीची होती आणि हुशार होती. त्यानं प्रश्न सरळ विचारला आणि तिनंही फार आढेवेढे घेतले नाहीत. नोंदणीच्या अर्जाचं एकोणिसावं पान तिनं त्याच्यापुढं सरकवलं. 'सराव-मुलाखतींस माझी संमती आहे', आणि खाली त्याचीच सही. पत्रिकेवरचा शिक्का तपासणारा माणूस एकोणिसावं पान न वाचता सही करून बसला होता.

"म्हंजे खोट्या," युवराज म्हणाला.

"सरावाच्या. काही खऱ्या, काही सरावाच्या. कुठली कोणती हे मलाही दिसत नाही, आणि दिसलं तरी सांगता येणार नाही. कळलं की उपयोग संपतो."

मग तिनं समजावून सांगितलं. पूर्वी सराव-मुलाखती नसताना माणसं सहा महिने फोनची वाट बघत आणि मग उठायचीच बंद होत. काहींना खरं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी फोन उचलला नाही. "तुम्ही आठ महिने रोज सकाळी दाढी करताय," ती म्हणाली. "ती कुणाच्या जोरावर?"

युवराजचा हात आपसूक हनुवटीवर गेला आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. शलाकानं आणखी एक सोय सांगितली. फारच थकवा आला असेल तर त्याच्या चेहऱ्यानं आणि आवाजानं सोबतीच मुलाखत देऊ शकतो. बरेच उमेदवार ही सोय घेतात. सोबती कधी चिडत नाही, कधी अडखळत नाही.

"नको," युवराज म्हणाला. "आणि एक सांगतो मॅडम. उपाशी माणसाला नुसत्या वासावर जगवता येत असंल. पण खरं ताट समोर आलं, तरी तो वासच समजंल. मग काय करणार तुम्ही?"

शलाकानं ते लिहून घेतलं.

शुक्रवारी अकराला पडद्यावर चाळिशीचा एक माणूस आला. नाव नेर्लीकर, उत्पादनप्रमुख. त्याच्या कपाळावर घाम होता आणि मागं कुठंतरी कसलीशी घरघर चालू होती. हल्ली घामही काढून दाखवतात, असं युवराजच्या मनात आलं. नेर्लीकरनं फार गोड काही न बोलता पंपाच्या बाहेरच्या कवचाचा आराखडा समोर ठेवला आणि यात काय चुकतंय ते सांगा म्हणाला.

युवराजला मिनिटभरही लागलं नाही. कवचाच्या बाजू भिंतीसारख्या सरळ उभ्या होत्या. वाळूतून पॅटर्न ओढताना कडा ढासळू नयेत म्हणून बाजूंना दीड-दोन अंशांचा उतार ठेवावाच लागतो. फाउंड्रीत हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आणि मग त्याला आठवलं, नवव्या मुलाखतीतल्या आराखड्यालाही उतार नव्हता. बाराव्यालाही नव्हता. तिन्ही आराखडे एकाच हातचे होते, आणि त्या हातानं कधी वाळू पाहिली नव्हती. चोर सापडला.

आठ महिन्यांचं सगळं तोंडाशी आलं. पंधरा वेळा शर्ट इस्त्री केला, पंधरा वेळा त्याच त्या प्रश्नांना हसून उत्तरं दिली, असलं बरंच काही तो बोलला. नेर्लीकर मध्ये बोलू बघत होता, पण युवराजनं त्याला जागा दिली नाही.

"हे काढणाऱ्यानं जन्मात वाळूला हात लावलेला न्हाई, आणि तुम्हीबी न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही माणूसच नव्हं. माझ्या बायकोनं तुमच्या नावानं देवापुढं साखर ठेवली. ती पण सरावाचीच व्हय?"

त्यानं पडदा बंद केला. पट्ट्यावर चौऱ्याहत्तर आकडा आला होता. आठ महिन्यांत इतका कधी गेला नव्हता.

संध्याकाळी वनिता आल्यावर त्यानं तिला हे सगळं रंगवून सांगितलं. कागदावर कवच काढलं, सरळ बाजू दाखवल्या, उतार कसा हवा होता ते पेन्सिलीनं गिरवलं. वनितानं कागद हातात घेऊन नीट पाहिला.

"पण आता वाळूचा साचाच छापतात, असं तुम्हीच म्हणत होता ना?" ती म्हणाली. "मग त्यातनं ओढायचं काय?"

युवराजनं कागद परत घेतला. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याच यंत्रानं तर त्याला घरी बसवलं होतं. पॅटर्नच नाही, तर ओढायचं काही नाही, आणि ओढायचं नाही तर उतार कशाला? उलट बाजू सरळ ठेवल्या की धातू कमी लागतो. पण त्याची नजर पंचवीस वर्षं जिथं जात आली तिथंच गेली आणि तिथंच अडकली. आता कागदाकडं बघताना त्याला खरी चूक दिसली. वरच्या कोपऱ्यात जाड भाग पातळ भागाला एकदम भिडला होता. थंड होताना तिथं तडा जाणार. "ह्यो कोपरा," तो हळूच म्हणाला. "तडा जाणार इथं. हे सांगायचं होतं."

शनिवारी शलाकाचा फोन आला. कंपनीनं केंद्राकडं शुक्रवारच्या प्रकाराबद्दल विचारणा केली होती, म्हणून तिलाही आताच कळलं. ती मुलाखत खरी होती.

युवराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ महिन्यांत एकच खरं ताट समोर आलं, आणि त्यानं ते लाथाडलं होतं. मग फोन ठेवता ठेवता आणखी एक शंका आली. शलाका खरं कशावरून सांगत असेल? पुढच्या वेळी शहाण्यासारखा वागावा म्हणून रचलेला हाही सरावच नसेल कशावरून? आता त्याला आपली शरमही खरी मानावी की नाही ते कळेना, आणि हे त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

त्या दिवशी आकडा एकोणीस झाला. रविवारी बारा. सोमवारी नऊ. सोबतीनं रंकाळा तलावावर फिरायला जा म्हटलं, दीर्घ श्वास घ्या म्हटलं. युवराजनं दाढीसुद्धा केली नाही. मंगळवारी सकाळी नोंदणी बाजूला पडणार होती. वनितानं कामाची पिशवी खांद्याला लावली, पण ती दारातून बाहेर पडेना.

पावणेआठला फोन वाजला. युवराजनं पट्ट्याकडं पाहिलं. नऊ. वनितानंही तिकडंच पाहिलं, आणि दोघांच्या मनात एकच गोष्ट आली. आकडा पडला की फोन येतो.

"घ्या तरी," ती म्हणाली.

"सुतार, मी नेर्लीकर," पलीकडून आवाज आला. मागं तीच घरघर होती. "चाळीस उमेदवारांशी बोललो मी. एकोणचाळीस हसतमुख. आराखडा उत्तम आहे म्हणाले, आपल्याबरोबर शिकायला आवडेल म्हणाले. त्यात माणूस कोण आणि पट्टा कोण, मला कळेना. भांडलात ते तुम्ही एकटे. उताराचं मात्र तुमचं चुकलं."

"ठाऊक हाय. वरच्या कोपऱ्यात तडा जाणार. ते सांगायला पायजे होतं."

"तेच हवं होतं मला," नेर्लीकर म्हणाला. "आमचं यंत्र सगळं बरोबर आहे म्हणतं. नाही म्हणणारा माणूस हवाय."

युवराजचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी त्याला आठवलं की शुक्रवारी संध्याकाळी त्या कोपऱ्यावर बोट ठेवून तो वनिताशी बोलला, तेव्हा पट्टा मनगटावरच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. उमेदवाराला नेमकं काय ऐकायचं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"कारखाना कुठं हाय तुमचा?" त्यानं विचारलं.

निवड होईपर्यंत ते सांगायचं नसतं, असं नेर्लीकर म्हणाला. पण मग त्यानं सांगूनच टाकलं, "कागल. औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या टाकीमागचं तिसरं शेड."

वनितानं पिशवी खाली ठेवली. आज येत नाही असं लॅबला कळवायला तिनं स्वतःचा मोबाइल काढला.

"दहाला गेटवर येतो," युवराज म्हणाला. "तुम्ही स्वतः उभं राहाल?"

"राहीन." नेर्लीकरचा आवाज आता थोडा उतरला होता. "पण सुतार, मागच्या महिन्यात असाच मी तिघांची वाट बघत गेटवर उभा राहिलो होतो. तिघंही नक्की येतो म्हणाले होते. एकही आला नाही. तुम्ही तरी खरंच याल ना?"