सत्तरवर थांबलेली लेन्स

वहिनीला दादाचा कॅमेरा हवा होता. दादा कड्यावरून पडला, त्याला सात महिने झाले. त्याचा देह सापडला, कॅमेरा नाही. त्यातल्या शेवटच्या फोटोसाठी बर्फ वितळताच वहिनी, मी आणि एक वाटाड्या असे तिघे दरीत उतरलो. मला यायचं नव्हतं, पण तिला नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

दोन दिवस नुसती काटेरी झाडी आणि गुडघाभर पाण्याचे ओढे. चालताना दादाच आठवत होता. त्याच्या स्टुडिओत वीस वर्षं एकच लेन्स, झूम न होणारी. मोठं कुटुंब चौकटीत मावेना की हा मागे मागे सरके आणि दिव्याच्या स्टँडवर आदळे. शेवटी मी त्याला नवा मिररलेस कॅमेरा आणि चोवीस-सत्तरची झूम लेन्स आणून दिली; रिंग सत्तरवर असली की चौकटीत थोडंच मावतं, चोवीसवर नेली की सगळं. पाय नको, रिंग फिरव, असं शंभरदा सांगितलं. तरी हा मागेच! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणून आम्ही हसायचो.

तिसऱ्या दिवशी कड्यावरून दोर सोडून तिघेही उतरू लागलो. दगड सुटे होते. वहिनी घसरली! दोर ताणला. वाटाड्याने तिला खेचून एका कपारीत घेतलं आणि तिथेच तिला लेन्स दिसली. काच फुटलेली, कॅमेऱ्यापासून तुटलेली. कॅमेरा खूप खाली, एका अरुंद टप्प्यावर अडकला होता. दोर तिथवर पुरत नव्हता. वहिनी कमरेची गाठ सोडू लागली! वाटाड्याने हात धरला, तरी ऐकेना.

"वहिनी, त्या फोटोत मी आहे," मी म्हणालो. "मागचं शिखर पूर्ण येऊ दे, असं मीच म्हटलं. म्हणून तो मागे गेला."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाय घसरला, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने लेन्स उचलून पाहिली. रिंग सत्तरवर होती. तिने ती फिरवली. आतली वाळू करकरली आणि रिंग चोवीसवर आली.

"एवढंच करायचं होतं?"

"एवढंच."

तिने गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना शेवटचं तुम्ही पाहिलंत, भावोजी. कसे दिसत होते?"

"डोळ्याला कॅमेरा होता. नुसतं तोंड दिसत होतं." मी दोर हातात घेतला. "हसत होता, वहिनी."

कॅमेरा तिथेच ठेवून आम्ही वर चढायला लागलो.